बॅगेतलं बॅडमिंटन

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०
ठरलं म्हणजे ठरलं. ९ मार्चला, रविवारी, क्लबच्या पालक-पाल्य दुहेरी स्पर्धेत आम्ही बापलेक उतरणार. काल जेवताना कन्याच म्हणाली, की बाबा, यंदा अठराच्या आतलं माझं शेवटचं वर्ष, जूनमध्ये मी होस्टेलला जाणार, एकदा तरी माझ्याबरोबर खेळ. गेली चार वर्षं स्पर्धेच्या दिवशी मी टूरवर होतो. याला सर्वस्वी कंपनी जबाबदार आहे.

आमच्या हिने लगेच शंका काढली. आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरगावी, प्रॅक्टिस कधी करणार म्हणे. मी म्हटलं, किट बरोबर न्यायचं, काम उरकलं की संध्याकाळी तासभर खेळायचं. साधं प्लॅनिंग आहे. ही आमटी वाढायला उठली.

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ८.१५
पॅकिंग. माझं काम वजनकाटे तपासण्याचं. कारखाने, गोदामं, जिथे जिथे माल तोलतात तिथले काटे खरं बोलतात का, ते बघायचं. त्यासाठी कंपनीची दोन प्रमाणित वजनं कायम बॅगेत असतात. पाच-पाच किलोची, बिडाची, वर धरायला दांडी. आजपासून त्यांच्या जोडीला: रॅकेटी दोन (एक तुटली तर?), शूज, शटलचा डबा, ट्रॅकसूट दोन, गुडघ्याची पट्टी, टॉवेल, उडी मारायची दोरी.

चेन लागेना. मी बॅगेवर बसलो. मग कन्या बसली. मग दोघं बसलो. लागली! टीमवर्क म्हणतात ते हेच.

७ जानेवारी, संध्याकाळी ६.३०
हॉटेल. शर्ट घरी राहिले आहेत. सगळे. अंगावरचा धरून एक आहे आणि मुक्काम तीन दिवसांचा. तो धुऊन वाळत घातलाय, त्यामुळे खेळायला जाता येत नाही. ट्रॅकसूट घालून जाता आलं असतं, हे आत्ता लिहिताना सुचलं. पण आता चहा मागवलाय.

१३ जानेवारी, सोमवार. दुपारी १
विमानतळ. कंपनी वीस किलोचे पैसे भरते. काउंटरवरच्या काट्याने माझी बॅग २३.४ दाखवली. मी त्या बाईंना शांतपणे सांगितलं, की तुमचा काटा चुकतोय. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. मी म्हटलं, मॅडम, सगळ्यांकडे प्रमाणित वजन नसतं, माझ्याकडे आहे.

बॅग उघडली, पाच किलोचं वजन काढून ठेवलं. काट्याने ५.० दाखवलं. दुसरं ठेवलं. ५.०. इतका बिनचूक काटा मी वर्षभरात पाहिला नव्हता. तसं मी मोठ्या मनाने सांगितलंही, पण मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी अहो आवरा आता म्हणून ओरडायला सुरुवात केली.

शेवटी शर्टावर पहिला ट्रॅकसूट, त्यावर दुसरा, पायांत स्पोर्ट्स शूज, गुडघ्याला पट्टी, गळ्यात टॉवेल, हातात रॅकेटी आणि खिशात शटलं, असा विमानात बसलो. घामाने निथळत होतो. एका परीने वॉर्म-अपच झाला. उतरल्यावर न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, साहेब खेळाडू का? मी नाही म्हटलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ७
हॉटेलपासून वीस मिनिटांवर कोर्ट सापडलं. बुधवारी बंद असतं. नशीबच फुटकं, त्याला कोण काय करणार?

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.१५
आज खेळणारच होतो. कोर्ट चालू, वेळ हातात, समोर पार्टनरही तयार, एक निवृत्त बँक मॅनेजर. बॅगेतून शूज काढले तर दोन्ही डावे. एक नवा, एक जुना. पॅकिंगच्या वेळी कन्येने हाक मारली होती, लक्ष उडालं. बँक मॅनेजर म्हणाले, अनवाणी खेळा. या वयात घोटा मुरगळला म्हणजे स्पर्धाच हुकायची. त्यापेक्षा बाकावर बसून बारकाईने निरीक्षण केलं. चूक कुठे होते, ते बाहेरून जास्त कळतं.

फोनवर कन्येने विचारलं, बाबा, प्रॅक्टिस झाली का? मी म्हटलं, आज थिअरी झाली. ती हसली. पोरीचा माझ्यावर फार विश्वास आहे. त्याचंच कधी कधी दडपण येतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.३०
आत्मपरीक्षण. सहा आठवडे झाले. किट सहा टूर फिरून आलं, शटलच्या डब्याचं सील तसंच आहे. खरा दोष जागेचा आहे. चारही शूज न्यायचे म्हटले (डावे-उजव्यांचा घोळ नको), तर बॅग पुरत नाही. म्हणून यावेळी एक धाडसी निर्णय घेतला. पाच किलोचं एक वजन घरी कपाटात ठेवलं. एकाच वजनाने तपासणी करता येते. दुसरं नुसतं पडताळा घ्यायला लागतं आणि पडताळा घ्यायची वेळ माझ्यावर अठरा वर्षांत आलेली नाही.

हिने कपाटातलं वजन बघून विचारलं, हे का राहिलं? म्हटलं, तुला त्यातलं कळायचं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.४५
मोठा शोध! कोर्टावर जायची गरजच काय? माझं खरं दुखणं खांद्यातली ताकद आहे आणि कंपनीचं पाच किलोचं वजन संध्याकाळी रिकामंच बसून असतं. दांडी तर अशी हातात बसते, जणू मुद्दाम केली असावी. कंपनीच्या पुस्तिकेत वजन आपटू नये, ओलसर हाताने धरू नये वगैरे लिहिलंय, पण ती पुस्तिका खेळाडूंसाठी लिहिलेली नाही. आरसा फक्त बाथरूममध्ये आहे, म्हणून तिथे उभा राहून उजव्या हाताने स्मॅशची अ‍ॅक्शन केली. अकरा वेळा. बाराव्या वेळी सुटलं.

फरशीचा तुकडा उडाला. त्यावर पायपुसणं सरकवलं. वजनाचा एक कोपरा नखाएवढा उडालाय. बीड आहे, त्याला काय होतंय!

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४
आज माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी लबाडी पकडली. एका बियाण्यांच्या गोदामात चौदा काटे आहेत. चौदाच्या चौदा चुकीचे! पाच किलोला ४.९९७ दाखवतात. तिथला मॅनेजर, बिचारा जाड चष्म्याचा माणूस, हात जोडून म्हणाला, साहेब, एखादा काटा बिघडेल, चौदा काटे सारखेच तीन ग्रॅमनी कसे बिघडतील? मी म्हटलं, तेच तर! म्हणजे हे मुद्दाम केलंय. चोराच्या उलट्या बोंबा.

सगळे काटे माझ्या वजनाप्रमाणे सरळ करून दिले. रिपोर्टमध्ये कडक ताशेरे मारले. मॅनेजरचा चेहरा पडला होता, पण कर्तव्यापुढे मी कुणाचा चेहरा बघत नाही.

या गडबडीत खेळायचं राहिलं.

३ मार्च, सोमवार. दुपारी १२
वर्षातून एकदा आमची वजनं प्रयोगशाळेत तपासायला जातात. आज रिपोर्ट आला. कपाटातलं वजन उत्तम. दुसरं ४.९९७.

जेवण गेलं नाही.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ११
साहेबांच्या केबिनमध्ये वीस मिनिटं उभा होतो. गोदामाच्या मालकांचं पत्र आलंय. ज्या मॅनेजरला मी लबाड ठरवलं, त्याचा पगार कापायची भाषा चालली होती म्हणे. साहेबांनी विचारलं, वजनाचा कोपरा कशाने उडाला? प्रवासात, म्हणालो. ते म्हणाले, कसल्या प्रवासात, तोफेतून गेला होतात का? वर विचारलं, दुसऱ्या वजनाने पडताळा का घेतला नाही? याचं उत्तर चार शूज असं होतं. दिलं नाही.

शिक्षा अशी: येत्या शनिवारी-रविवारी जाऊन चौदाही काटे पुन्हा सरळ करायचे आणि मॅनेजरची लेखी माफी मागायची. सोमवारपासून त्यांचा माल निघतो, त्यामुळे पुढे ढकलता येत नाही. मी म्हटलं, सर, रविवारी मुलीची स्पर्धा आहे, माझ्याशिवाय तिला उतरता येणार नाही. साहेब मऊ आवाजात म्हणाले, मलाही वाईट वाटतं. पण तारीख बदलली नाही.

५ मार्च, बुधवार. सकाळी ७
रात्री सांगणार होतो. ती अभ्यास करत होती.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०
आत्ता सांगणार होतो. ती वेणी घालत होती.

६ मार्च, संध्याकाळी ७.३०
सांगितलं. सगळं सांगितलं, बाथरूमसकट. ती आधी खो खो हसली, मग म्हणाली, असू दे बाबा, जा तू. एका शब्दाने तक्रार नाही. मी म्हटलं, आपलं नाव मागे घ्यावं लागेल, कुणाला फोन करू? ती म्हणाली, तू नको करूस, मी बघते. केवढी समजूतदार झालीये पोर. हिनेही टोमणा मारला नाही, उलट दोघी एकमेकींकडे बघत होत्या. माझ्यामुळे घराचा धीर सुटला नाही, एवढं तरी समाधान.

९ मार्च, रविवार. दुपारी ४.२०
गोदाम. अकरा काटे झाले. माफीचं पत्र काल दिलं. मॅनेजरने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला बसायला खुर्ची आणून दिली. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

साडेतीनला कन्येचा व्हिडिओ कॉल आला. मागे क्लबचं कोर्ट. घामाघूम झालेली, केस कपाळाला चिकटलेले. बाबा, आम्ही दोन मॅच जिंकलो, सेमीफायनलला हरलो, म्हणाली. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? तिने फोन फिरवला. बाजूला ही उभी होती, ट्रॅकसूटमध्ये, हातात रॅकेट. हिला मी लग्नापासून कधी पळताना पाहिलेलं नाही.

मग हळूहळू कळलं. फॉर्म भरायची मुदत पंधरा जानेवारीला संपली होती. कन्येने तेव्हाच आईचं नाव घातलं. दोन महिने दोघी रोज सकाळी सहाला क्लबवर जात होत्या. मी घरी असेन त्या दिवशी फिरायला जातो सांगून जायच्या. मी म्हटलं, अगं, मग मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, सांगणार होते रे, पण तू इतक्या हौसेने बॅग भरायचास, मन होईना.

म्हणजे तिला पंधरा जानेवारीलाच माहीत होतं. मी विमानातून दोन ट्रॅकसूट घालून उतरलो, त्यानंतर दोनच दिवसांनी. माझ्यावर विसंबून कुणी बसलेलंच नव्हतं.

शाब्बास म्हणालो. मनापासून म्हणालो, पण वाईट वाटलं, फार वाटलं. ही म्हणाली, जेवलात का? हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

मग न राहवून म्हणालो, जूनमध्ये तुला होस्टेलला सोडायला मात्र मी येणार, काय वाट्टेल ते होवो. कन्या म्हणाली, ये की बाबा, मजा येईल. आणि अगदी सहज म्हणाली, की नाही जमलं तरी टेन्शन घेऊ नकोस, आईने रजा टाकून ठेवलीये.

मॅनेजर बाराव्या काट्यापाशी थांबलाय. जातो.