आठशे पन्नास ग्रॅम

२ मे, सोमवार

घडलं ते असं:
१. एसी जोडणारा मेकॅनिक आला. पाइप जोडले.
२. व्हॅक्यूम पंप आणला नव्हता.
३. त्याच्या गेजचा काटा नुसत्या हवेतही शून्यावर येत नव्हता.
४. हे मी त्याला सांगितलं.
५. मेकॅनिक गेला. एसी सुरू नाही.

यात माझी चूक नाही. मी प्रेशर गेज तपासायच्या लॅबमध्ये काम करते. असली गेज रोज नापास करते. पाइपांत हवा आणि ओल राहिली तर मशीन लवकर मरतं. म्हणून आधी पंपाने सगळी हवा ओढून काढायची, मग गॅस. एवढंच माझं म्हणणं होतं. तो म्हणाला, पंप कशाला मॅडम, युनिटमधलाच गॅस जरासा सोडतो, हवा आपोआप पळते, होऊन जाईल. त्याचं प्रत्येक वाक्य होऊन जाईलवर संपतं. मी म्हटलं, तुमचं होऊन जातं, मशीनचं होत नाही. तो चपला घालता घालता म्हणाला, मग तुम्हीच करा की, अडवलंय कुणी?

करणारच आहे. माहितीपुस्तक खोक्यातच ठेवलं आहे. ते न शिकलेल्यांसाठी असतं.

३ मे

दादाचा फोन. आईला दमा आहे, उकाड्यात वाढतो, डॉक्टरांनी थंड खोली सांगितली आहे. दादाकडे एसी आहे, पण दादाकडे वहिनीही आहे. म्हणून आईला मी माझ्याकडे आणलं आहे, कायमचं. हे मी ठरवलं आहे. दादा म्हणाला, रविवारी येतो, खोली गार असली तर आई तुझ्याकडे, नाहीतर तिची बॅग भरून ठेव. वर म्हणाला, इन्स्पेक्टरबाई, आई म्हणजे तुमचं गेज नव्हे, पास-नापास करायला.

उत्तर त्याला रविवारी मिळेल. थंडगार.

४ मे

लॅबमधून पंप आणला, रीतसर सही करून. माझं स्वतःचं गेजही आणलं.

आई ओला टॉवेल गळ्यात टाकून बाल्कनीत, बाहेरच्या युनिटशेजारी बसली होती. तिला एक खोड आहे: दिसेल ते मोठ्याने वाचते. औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं. आज युनिटवरचा स्टिकर वाचला. गॅस आठशे पन्नास ग्रॅम, कारखान्यातच भरलेला. मग पुन्हा तेच, जरा चढ्या आवाजात. मी म्हटलं, आई, मोजमाप चालू असताना शांतता लागते.

आठशे पन्नास एवढं टिपून घेतलं. आकडा कामाचा आहे.

५ मे

पाइपांत कोरडा नायट्रोजन भरून सगळे नट साबणाच्या फेसाने तपासले. एका ठिकाणी बुडबुडा. होऊन-जाईलची करामत. नट पिळला, बुडबुडा गेला, पंप लावला. आईने विचारलं, आज होईल का गं? मी म्हटलं, घाईने करायचं तर होऊन-जाईल काय वाईट होता? आई म्हणाली, तेच म्हणते मी, त्याचा नंबर आहे का?

उकाड्याने माणसाची विचारशक्ती मंदावते.

६ मे

पंप बंद केला. व्हॅक्यूम टिकून आहे, काटा जागचा हलत नाही. खरं तर एवढं पुरे. पण उद्यापर्यंत तसंच ठेवते. कुणाला बोट दाखवायला जागा नको.

आई दिवसभर शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे. त्यांच्याकडे एसी आहे. बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, तुमच्या आई पेपर किती छान वाचून दाखवतात हो! मी म्हटलं, मला वाचता येतं.

७ मे

गॅसचा सिलिंडर आणला. वजनकाटा, हातमोजे, सेफ्टी चष्मा तयार. हा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि उद्या स्वयंपाकघरात काडीसुद्धा ओढायची नाही, असं आईला बजावलं. ती म्हणाली, म्हणजे चहासुद्धा नाही? नियम म्हणजे नियम.

उद्या दादाच्या डोळ्यांदेखत चालू करणार.

८ मे, रविवार

दादा-वहिनी आले. वहिनीने आईसाठी थर्मासमधून चहा आणला होता. मुद्दाम.

युनिटचे व्हॉल्व्ह उघडले. सिलिंडर अजून बंद होता, तरी गेजचा काटा झपकन वर चढला. आई म्हणाली, अगं, गॅस आत आहेच, स्टिकरवर लिहिलंय तसं. मी म्हटलं, गेज बिघडलं आहे. हे गेज मी स्वतः गेल्या महिन्यात पास केलं होतं. रिक्षातल्या धक्क्यांनी बिघडलं असणार.

एसी चालू केला आणि सिलिंडरमधून हळूहळू गॅस सोडला. वजनकाट्यावर बरोबर आठशे पन्नास ग्रॅम. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. युनिट गुरगुरलं, थरथरलं, आणि खट् करून बंद. पुन्हा चालू केलं. पुन्हा खट्.

वहिनी वाकून स्टिकर वाचू लागली, मनातल्या मनात. मग तिने दादाकडे पाहिलं. दादा हसला नाही. हसला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्याने फक्त विचारलं, म्हणजे दुप्पट झाला का गं?

बॅग आईने स्वतःच भरली. दारात म्हणाली, उकाड्याचं काही नाही गं, उकाडा सोसला मी. पण तुझ्याकडे वाचून वाचून माझा घसा बसला.

घसा बसणं हे दम्याचंही लक्षण असू शकतं. दादाला डॉक्टरांशी बोलायला सांगायला हवं.

११ मे

कंपनीचा माणूस येऊन गेला. सगळा गॅस काढून घेतला, मोजून पुन्हा भरला. आठशे पन्नास. आकडा माझा बरोबरच होता. कॉम्प्रेसर वाचला. कंपनीला तक्रार लिहिली: स्टिकर नजरेच्या उंचीवर लावलेला नाही.

माझं गेज लॅबमध्ये तपासून घेतलं. पास.

खोली आता इतकी गार होते की शाल घेऊन बसावं लागतं. आवाज अजिबात नाही.

आईला पाठवलेला मजकूर, नोंदीसाठी:

आई, एसी सुरू झाला आहे. तुझा ओला टॉवेल बाल्कनीत राहिला होता, तो धुऊन ठेवला आहे. एसीचं माहितीपुस्तक खोक्यातून काढलं. बरंच जाडजूड आहे आणि अक्षर बारीक आहे. ते कुणीतरी मोठ्याने वाचायला हवं. तू येणार आहेस का, ते रविवारपर्यंत कळव.