वाढीचा रकाना

सोम., ३ नोव्हें.
वानखेडे सर तक्ता दाखवत नाहीत. भारत आणि इंडोनेशिया, दहा वर्षांची कागद-पुठ्ठ्याची निर्यात, शेजारी शेजारी. तपासणारी म्हणून सही माझी, आणि मी टेबलाजवळ गेले की लॅपटॉप मिटतात. अकरा वर्षं शेजारी बसते, असं कधी केलं नव्हतं.
अहवाल सावनेरच्या पेपर मिलच्या मालकांसाठी. आपली निर्यात वाढती दिसली तर ते नवं मशीन घेणार. इंडोनेशिया पुढे पळताना दिसला तर मिल बंद, मग बाहेरचा कागद विकणार. आणि मिलमध्ये मशीनवर आपला प्रवीण. माझा सख्खा धाकटा भाऊ तिथे आहे हे ऑफिसात सांगितलेलं नाही. काम काढून घेतलं असतं.

बुध., ५
सर परवाच्या शनिवारी सावनेरला जाऊन आले म्हणे. ड्रायव्हरकडून कळलं. विचारलं तर, सहज गेलो होतो. सावनेरला सहज कोण जातं? मालकांना मिल मोडायचीच असेल, आणि फक्त निमित्त हवं असेल तर... कुठेतरी पाणी मुरतंय.
प्रवीणचा फोन. "ताई, मालक मशीनचं नावच काढून नाही राहिले. तुले काही मालूम आहे का?" नाही म्हटलं.

शुक्र., ७
तक्ता मिळाला. उलटंच! भारताची वाढ जोरात, इंडोनेशिया मागे. मिल वाचते. आनंद झाला, चहा संपेपर्यंत. मग वाढीचा रकाना खटकायला लागला.

शनि., ८
मूळ आकडे स्वतः काढले. भारताची वाढ रुपयांत धरलीय, इंडोनेशियाची डॉलरमध्ये. रुपया घसरत गेला तसा आपला आकडा फुगत गेला. दोन्ही डॉलरमध्ये मांडले तर आपण जेमतेम जागेवर, ते कुठच्या कुठे.
नवशिक्याची चूक. पहिल्याच महिन्यात मी केली होती, तेव्हा सरांनीच कागद परत फेकला होता. आधी चलन एक कर, मग देश शेजारी बसव. तेच विसरतील? मशीन विकणाऱ्याने फितवलं असणार.

सोम., १०
दार लावून विचारलं. रकान्यावर बोट ठेवलं. मशीनवाल्याचं नाव तोंडावर घेतलं, घ्यायला नको होतं. सर चष्मा पुसत राहिले.
"मिलमध्ये मशीनवर एक पोरगा भेटला. नाक तुह्यासारखंच. मंग विचारलं त्याले, बहीण कुठं असते." मग म्हणाले, "तू काहून नाही सांगितलं वं मले?"
आठवडाभर पाळत ठेवली होती मी यांच्यावर. लाज वाटली. रागही आला, माझ्या नावावर परस्पर खोटं केलं म्हणून. या तक्त्यावर विसंबून मशीन घेतलं आणि माल खपला नाही, तर मिल नंतर बुडेलच, प्रवीणसकट.

मंगळ., ११
ड्रॉवरमध्ये दोन तक्ते. एक सरांचा, एक माझा.
खरंच माझ्यासाठी केलं, की पकडले गेल्यावर प्रवीणला पुढे केलं? हा संशय जात नाही, आणि असा संशय येतो म्हणून स्वतःचीच चीड येते. सरांचा लॅपटॉप आज सकाळपासून उघडा. माझ्याकडे बघत मात्र नाहीत.
साडेतीनला प्रवीणचा फोन. "मालक निघाले ताई. तुह्याच ऑफिसात येऊन राहिले म्हणे." पुढे त्याने काही विचारलं नाही. फोन ठेवलाही नाही, मशीनचा आवाज येत राहिला.
सही अजून एकाही तक्त्यावर केलेली नाही.