दसऱ्यापर्यंतचा नियम

तासगाव,
शनिवार

तीर्थस्वरूप सुलोचनाआत्यास,

ब्राह्मीचा साष्टांग नमस्कार व जय जिनेंद्र. इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत. आपल्या गुडघ्यांना साताऱ्याच्या चढउतारांचा फारसा त्रास होत नसावा, अशी आशा करते. हे फोनवरही सांगता आले असते. परंतु फोनवर मी ‘हं’च्या पुढे जात नाही, हे आपण जाणताच. म्हणून लिहून काढते आहे. आपला धाकटा भाचा भरतेश या पत्राचा फोटो काढून आपल्याला मोबाइलवर पाठवील.

दहावीला मी केंद्रात पहिली आले, तेव्हापासून घरातला प्रत्येक प्रश्न माझ्यापुढे येतो. मराठीत मिळालेल्या गुणांचा आणि बेदाण्याचा संबंध काय, हे मला अद्याप उमगलेले नाही. तरी सौद्याच्या दिवशी कोल्ड स्टोरेजमधला माल काढू की ठेवू, हे बाबा मलाच विचारत. त्यांचे होते न होते तोच आई भाजीसाठी उभी. (चातुर्मासात आपल्याकडे कंदमुळे आणि पालेभाज्या वर्ज्य, हे धर्माचे माझ्यावर मोठेच उपकार; तरीही दोडका, दुधी, पडवळ आणि कारले उरतातच.) मग शेजारच्या आक्काताई दोन साड्या घेऊन येत, आणि मला त्यांत काडीचाही फरक दिसत नसे. ‘‘लय इचार करू नगो गं, नुसतं बोट दाव. शिकल्याली हायस न्हवं?’’ मी बोट दाखवले की त्या दुसरीच नेसत. संध्याकाळी भरतेश नव्या खोलीसाठी रंगाचे कार्ड पुढे धरी. सायीचा रंग इतक्या प्रकारचा असतो हे मला ठाऊक नव्हते. अखेर एके सकाळी चहा हवा की दूध, एवढ्या प्रश्नाने माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि मी दोन्ही प्याले.

त्याच सकाळी आम्ही चातुर्मासासाठी गावात आलेल्या मुनिमहाराजांच्या दर्शनाला गेलो. ज्याला जे झेपेल ते काही काळापुरते सोडण्याचा नियम लोक त्यांच्यासमोर घेत होते. आक्काताईंनी टीव्हीवरची मालिका सोडली (एकच, आणि तीही संपत आलेली). मी गूळ सोडणार होते. वाक्यही पाठ केले होते. पण माझी पाळी आली, सारी सभा माझ्याकडे पाहू लागली आणि माझ्या तोंडून ‘‘निर्णय’’ एवढाच शब्द बाहेर पडला. महाराजांनी मुदत विचारली. मी दसऱ्यापर्यंत म्हटले. त्यांनी मोरपिसांची पिंछी उंचावून आशीर्वाद दिला.

आपल्या घरात घेतलेला नियम मोडत नाहीत, आणि दुसऱ्याचा नियम तर फारच कडक पाळतात. आई आता काहीच विचारत नाही. रोज कारले करते. भरतेशने माझ्यासाठी भगव्या रंगाची ओढणी आणली आहे, ती घ्यावी लागते. बाबांनी माल स्वतःच्या मनाने काढला आणि काहीही बिघडले नाही, याचे मात्र मला किंचित वाईट वाटले. एरवी मी इतकी शांत झोपले की आईने दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

अशात साताऱ्याच्या एका ग्रंथसंस्थेचे पत्र आले. उन्हाळ्यात मी कोणाला न सांगता अर्ज केला होता. जुन्या हस्तलिखितांची सूची करण्यासाठी त्यांनी मला निवडले आहे. होकार गुरुवारपर्यंत कळवायचा, अन्यथा जागा पुढच्या उमेदवाराला. दसरा त्यानंतर येतो.

मी ते पत्र बाबांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि घडी करून परत दिले. ‘‘तुझा नियम हाय बाई, त्यात आमी कसं पडायचं? दसरा झाला की निवांत बघू.’’ आई म्हणाली, ‘‘साताऱ्याला तुला कारली कोण करून घालंल?’’ आक्काताईंनी तर संस्थेलाच दसरा होईपर्यंत थांबायला सांगावे, असे सुचवले. बाबा नाही म्हणाले नाहीत, हे मी आवर्जून नमूद करते. परंतु गुरुवार उलटला की त्यांना नाही म्हणावेही लागणार नाही. आत्या, आजवर मला सर्वांनी सर्व काही विचारले. तुला काय हवे, एवढे मात्र कोणी विचारले नाही.

मी पुष्कळ विचार केला. (विचार नियमात येत नाही.) वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे. आपण बाबांच्या थोरल्या भगिनी. आपला शब्द ते खाली पडू देत नाहीत. तेव्हा दोन्ही बाजू तटस्थपणे मांडते. साताऱ्यास गेल्यास मला आवडते काम मिळेल, आपली सोबत होईल आणि आपल्या गुडघ्यांना आधार होईल. न गेल्यास कारले आहे.

आपली आज्ञा शिरसावंद्य मानणारी,
ब्राह्मी

ता. क. माझी बॅग भरून झाली आहे. ती भरतेशने भरली. मी केवळ पुस्तके तळाशी घालावीत, असे सर्वसाधारण मत व्यक्त केले.

ता. क. २. आपली आज्ञा ‘ये’ अशी असल्यास कृपया आजच बाबांना फोन करावा. जेवणानंतर ते घरीच असतात. ‘येऊ नकोस’ अशी असल्यास साध्या टपालाने कळवावे. घाई नाही.