मोठी राष्ट्रं माणसं परत करतात

मांडवी, रत्नागिरी
१२ जानेवारी १९८९

प्रिय रावजी,

अनेक आशीर्वाद. हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. कागद वाया जायला नको म्हणून राहू देते.

आपले पंतप्रधान चीनला जाऊन हस्तांदोलन करून आले, त्यावरचा तुझा लेख आमच्या शाळेत हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांना मोठ्यानं वाचून दाखवला. दोन जुने देश पुन्हा उभे राहताहेत, अमेरिका-रशियाची मक्तेदारी संपणार, जगाचा तोल आशियाकडे झुकणार. छान लिहितोस. लहानपणी तुझ्याकडून पाटीवर अक्षर मीच गिरवून घेतलं होतं.

हा तोल गेली सव्वीस वर्षं तू मला शिकवतो आहेस. बासष्टच्या लढाईत हे नेफात बेपत्ता झाले. त्रेसष्टात चीननं कैदी सोडले, त्यांत हे नव्हते. तू म्हणालास, काही जण ठेवून घेतलेत. एकाहत्तरला चीनला युनोत जागा मिळाली. तू लिहिलंस, ताई, आता त्यांना जगात अब्रू सांभाळायची आहे, मोठी राष्ट्रं माणसं परत करतात. मग शहात्तरला राजदूत आले, एक्याऐंशीला सीमेची बोलणी सुरू झाली. दर वेळी मी यांचे कपडे उन्हात घातले. चीन मोठा व्हावा म्हणून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालणारी अख्ख्या देशात मी एकटीच असेन.

बारा वर्षं झाली तेव्हा सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे दर्भाचा पुतळा जाळून क्रिया उरकायचं काढलं. तू मुंबईहून धावत येऊन मोडता घातलास. शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, गो बाय, किती वाट बघशील, कुकू पूस नि मोकळी हो. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. केळशीचे काशीराम मास्तर मागणी घालायला आले, त्यांनाही तूच वाटेला लावलंस. मला ते आवडले होते, रावजी.

लेखाच्या शेवटी मनाचा मोठेपणा दाखवायला तू लिहिलंस: माझे सख्खे मेहुणे त्या लढाईत पडले, त्यांना स्वतःच्या हातांनी पुरणाऱ्या जवानानं त्रेसष्टच्या मार्चात घरी येऊन मला सांगितलं, तरी मी चीनला क्षमा केली आहे. हेडमास्तर वाचता वाचता थांबले. सगळे माझ्या कपाळाकडे बघायला लागले.

बहीण पेपर वाचते हे विसरलास? त्या वैशाखात तुझं लग्न होतं. सुतक नको होतं, विधवा बहीण गळ्यात नको होती. पुढे खोटं अंगवळणी पडलं आणि त्यालाच तू राजकारणाचा अभ्यास म्हणायला लागलास.

काल भाट्याच्या किनाऱ्यावर यांचा दर्भाचा पुतळा जाळला. अग्नी मीच दिला, भटजी कुरकुरले तरी. मग यांच्या नावानं समुद्रात बुडी मारली. वर आले आणि पुन्हा एक मारली. भटजींनी विचारलं, आणखी कोण गेलं? मी म्हटलं, धाकटा भाऊ. तेवढं कळवायला हे पत्र. दारात आलास तर ओळख देणार नाही. गेलेली माणसं परत येत नाहीत, हे मला आता पक्कं कळलंय.

एके काळी तुझीच असलेली,
गोदा