न चाखलेली तंगडी

अहेरी, २५ डिसेंबर १९५६

मेरीची शेवटची इच्छा माझ्या हातून फसली, म्हणून लिहिते आहे. कॉलेजातली मैत्रीण, आता माझ्याच घरी अंथरुणाला खिळलेली. नाताळला तिची आई करायची तशी मिठात मुरवलेली, गुळाचा पाक चढवलेली डुकराची तंगडी तिला हवी होती. मी जन्माची शाकाहारी. केली, पण चाखली नाही. पाक आरशासारखा चकाकला. शिजवण्याआधी मीठ पाण्यात उतरवायचे असते, हे कुठे ठाऊक? खारट ढाण.

"मले चाखाले द्याचं होतं नं, बाई," स्वयंपाकाची लच्छी म्हणाली. साधे चाखायला देणे, तेही सुचू नये?

मेरी हसली. "कॉलेजातल्यासारखंच गं. अक्षर सुरेख, उत्तर चूक."

दुसरी मुरायला आठवडा हवा. डॉक्टर दोन दिवस म्हणतात.

तंगडी लच्छीला दिली. मेरीला पेज, चार चमचे.