वाळूत हवा कमी लागते

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. ढब्बू हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे, टायरचं दुकानही मजेत आहे. अक्षरं एवढी मोठी का, म्हणून हसू नकोस. आज हात जरा मोकळा सुटलाय. दीड वर्षात तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही.

आपण दोघी बहिणी वाळवंटात जाऊया. दुकानाच्या टेबलावर नकाशा पसरून चारी कोपऱ्यांवर चाकाचे नट ठेवलेत. गिऱ्हाईक पंक्चर घेऊन येतं आणि मी त्याला टेकड्या दाखवत बसते. चार दिवस, तीन राखीव उद्यानं. पहिल्या दिवशी लाल खडकांची दरी. तिथं कोरड्या नदीचं पात्र हाच रस्ता. दुसऱ्या दिवशी मिठाचं मैदान. तिथला रखवालदार फोनवर म्हणाला, "बाई, सकाळी जमीन कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं, तेच कळत नाही." तेव्हापासून दुपारी दुकानात डुलकी लागली की मी तिथंच असते. जीप जराही आवाज न करता चाललेली असते आणि खिडकीतून आईचा पिवळा स्कार्फ फडफडत असतो. जाग आली की ओठ खारट लागतात.

शेवटचे दोन दिवस वाळूच्या टेकड्या. परवाने काढलेत. पाण्याचे कॅन, फावडं, दोन जादा टायर, सगळं तयार आहे. प्रवास मात्र सकाळी आठ ते दुपारी चार एवढाच. का, ते पुढे सांगते.

टेकड्या म्हटल्यावर तुझं तोंड वाकडं झालं असणार. ती सहल मीही विसरलेली नाही. तू म्हणालीस, "ताई, वाळूत टायरची हवा कमी कर, पसरट टायर रुतत नाही." आणि मी तुझ्या सगळ्या मैत्रिणींसमोर म्हटलं, "चार व्हिडिओ बघून तुझ्या डोक्यात हवा गेलीय. स्टेअरिंगला हात लावायचा नाही." अर्ध्या तासात जीप पोटापर्यंत रुतली. ट्रॅक्टरवाल्यानं आल्या आल्या काय केलं? हवा काढली. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

बत्तीस वर्षं लोकांच्या टायरमध्ये हवा भरतेय गं. काढायची म्हटलं की हातच पुढे होत नाही. चूक माझी होती. एवढं लिहायला दीड वर्ष लागलं बघ.

आता राहिलेलं. महिन्यापूर्वी फाटकाच्या खांबाला जीप घासली. खांब होता तिथंच होता, मलाच दिसला नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं मिटत चाललंय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाच्या थेंबांवर किती टिकेल, ते सांगत नाहीत. "ताईला फक्त समोरचंच दिसतं," असं तू म्हणायचीस ना? घे, आता डॉक्टरांनी लिहून दिलंय. गाडी चालवणं बंद. लख्ख उजेडात अजून बरंच दिसतं, म्हणून आठ ते चार.

मला भीती वाटते, ढब्बू. दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. पण ते मैदान मला बघायचंच आहे. जिथं जमिनीलाच कड नाही, तिथं माझं काय कमी पडणार?

थंडी संपायच्या आत निघू. जीप तू चालवायचीस. मी तोंड बंद ठेवीन, निदान पहिल्या टेकडीपर्यंत. हवाही तूच काढायचीस. टायरची. माझी निघालेलीच आहे.

जीपची किल्ली याच पाकिटात आहे. दुसरी किल्ली नाही, तुला माहीत आहे.

तुझी,
शेजारच्या सीटवरची ताई