उघड्या व्हरांड्याची शाळा

प्रिय किकुए,

ओसाकात उमेच्या झाडांना बहर आला असेल. इकडे यामागातात अजून गुडघाभर बर्फ आहे. मी ठीक आहे, तू विणलेले मोजे घालतो. तुझी कंबर कशी आहे?

ज्या शाळेसाठी आलोय, ती आर्किटेक्ट म्हणून मी बांधलेली पहिलीच शाळा. मुलांनी बर्फाची कविता बर्फाकडे बघत म्हणावी, म्हणून व्हरांडा मुद्दाम उघडा ठेवला होता. आता गावाला तिथं काचा लावायच्यात, त्याला माझी संमती हवी आहे.

“सेन्सेई, कविता वर्गातही म्हणता येते,” मुख्याध्यापिका निशिगाकीबाई म्हणाल्या. “जरा मुलांचे हात बघा!”

मुलं ओल्या फडक्यांनी व्हरांडा पुसत होती. लालबुंद हातांच्या एका मुलीला विचारलं, “गार नाही वाटत?”

“मुळीच नाही, सेन्सेई!”

आपल्याकडे पाहुण्याला कुणी ‘हो, गार वाटतं’ असं सांगतं का?

तेव्हापासून चैन नाही. मीच आखलेल्या आपल्या घरातही न्हाणीघराकडे जायला उघडं अंगण ओलांडावं लागतं. इतक्या हिवाळ्यांत तू कधी तक्रार केली नाहीस, आणि मी समजलो, तुला ते आवडतं.

तिथं गार वाटतं का, असं फोनवर विचारलं तर तूही पटकन ‘मुळीच नाही’ म्हणशील, म्हणून लिहितोय. खरं काय ते सावकाश कळव. तोवर गावाला थांबवून ठेवतो.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
हिसाओ